फोटो साफ आला होता

तवा अकोल्याच्या दवाखान्यात आमी इतके जण होतो. मी. माही सून. माहा पोरगा, म्हणजे तिचा नवरा. सुनेचा भाऊ, जो अमरावतीले राजापेठेत ऑटो चालवत होता. एक बांगडीवाली, दर्यापूरकडची मुसलमान बाई, माह्याच वयाची. तिची पोरगी, एका तान्ह्या लेकराची माय. पोटाची डॉक्टरीण, तिले सारे मॅडम म्हणत. आन् एक पोलिसवाला, जो वार्डाच्या दाराजवय खुर्ची टाकून बसे. नाव मी कोणाचंच सांगत नाही. जे हायेत त्याईले वाईट वाटायचं, आन् जी गेली तिचं नाव घेतलं का मले दिवसभर काही सुचत नाही.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेली. पोटात काय काय असते हे मले म्हातारपणी समजलं, तेबी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून. जसं समजलं तसं सांगते.

आमचं वावर मूर्तिजापूरकडे, कायी माती, कापसाची पऱ्हाटी. त्या सालाईत आमच्या भागात दिवस बरे नव्हते. फवारणीचं औषध घराघरात होतं, आन् कोणत्या गावात कोण ते पेलं हे सारखं आयकू ये. शहरातून गाड्या येत, लोकं उतरत, इचारत, लिहून नेत. आमच्या घरात तसं काही झालं नव्हतं. पण हवाच तशी होती. हे आधी सांगा लागते, नाही त पुढचं समजत नाही.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमी सीतादही करतो. दहीभात घेऊन वावरात जातो, पऱ्हाटीखाली दगड मांडून त्याईले हयद-कुंकू लावतो, दहीभात वावरात शिंपडतो, मंग वेचाले लागतो. त्या दिवशी वावरात रडायचं नाही, कण्हायचं नाही, वाकडं बोलायचं नाही. माह्या सासूनं मले सांगतलं, मी सुनेले सांगतलं.

वेचणारी बाई कमरेले फडकं बांधते, त्याचा पोटावर झोळा होते. त्याले आमी वटी म्हणतो. वेचलेला कापूस तिच्यात टाकत जायचा. वटी भरली का बाई पोटुशीवानी दिसते.

दुपारी सुनेची वटी भरली. ती कापसाच्या गंजीवर रिकामी कराले बैलबंडीजवय आली. बैल सोडून बांधले होते. त्यातला उजवा नवा होता, मूर्तिजापूरच्या बाजारातून आणला त्याले महिनाबी झाला नव्हता. पूजेचा दहीभात उरला होता, तो तिनं हातावर घेतला आन् त्याच्या तोंडाजवय नेला. त्याच्या डोयावर माशी बसली का काय, त्यानं मुंडकं झटकलं. शिंगाच्या बुडाजवयचा कपाळाचा भाग सरळ तिच्या वटीवर बसला. ती मागं बसली मातीत, आन् वटीतला सारा कापूस तिच्या अंगावर उडाला.

बाया हासल्या. तीबी हासली. केसात कापूस, नाकावर कापूस.

मी म्हटलं, "लागलं का व?"

"नाही मामी," ती म्हणे. "कापसातच गेलं सारं."

एक बाई म्हणे, "नवा जवाई हाय, हात लावू देत नाही इतक्यात."

सून उठली, वटी बांधली आन् पुन्हा पऱ्हाटीच्या तासात गेली. उन्हं उतरेपर्यंत वेचत होती. दहीभात तिनंबी खाल्ला. पूजेचा दिवस होता, म्हणून ती काही बोलली नाही. दुसऱ्या कोणत्या दिवशी लागलं असतं त ती बोलली असती, हे तिनं मले मंग सांगतलं.

संध्याकाळी ती जेवली नाही. म्हणे थकली. सकाऊन उठली त उलट्या. पोट धरून भिंतीले टेकली, तोंड पांढरं पडलेलं. शेजारच्या बाया आल्या. एकीनं तिचा हात धरला आन् नाकाजवय नेऊन वास घेतला. वास होता. राहणारच, पऱ्हाटीवर चार दिवसाआधी फवारा मारला होता आन् दिवसभर तिनं त्याच पऱ्हाटीत हात घातले होते. माह्या हातालेबी तोच वास होता. पण माहा हात कोणी हुंगला नाही.

"पेली काय व माय?" बाई मले हयूच म्हणे.

मी म्हटलं, "बैलानं मारलं तिले काल."

ती मान हलवे, पण डोयात वेगळंच होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात त्यायनं नाकातून नळी टाकली आन् पोट धुतलं. सून नळी ओढून सांगे, बैल, बैल. तिथल्या माणसानं तिचं पोट उघडं करून पाह्यलं. ना खरचटलं होतं, ना निळं पडलं होतं. नुसतं गोरं पोट. मी सांगतलं का मधी कापूस होता, भरली वटी होती, म्हणून वर दिसत नाही. तो म्हणे, "आजी, सारे असंच सांगतात. कोणी म्हणते पडली, कोणी म्हणते शिळं खाल्लं. आमाले काय, आमी इलाज करतो." त्याचा आवाज वाईट नव्हता. त्यानं त्या मोसमात तशा बाया-माणसं लय पाह्यले असतीन. चिठ्ठी लिहून त्यानं आमाले अकोल्याले धाडलं.

चिठ्ठीत काय होतं ते मले वाचता आलं नाही, पण अकोल्याले खाट भेटली न भेटली त पोलिसवाला आला.

"काय पेली?"

"काही नाही पेली. बैलानं मारलं."

"मंग बैलाचा जबाब घेऊ का?" आन् तो स्वताच हासला. मंग माह्या पोराले म्हणे, "पेशंट इथून हलवायचा नाही. तुमीबी कोठी जायचं नाही, मॅडम लिहून देत नाहीत तोपर्यंत."

माह्या पोरानं हातातली पिशवी खाटेखाली सरकवली. तो तसा कमी बोलणारा.

निरोप भेटला तसा दुपारी सुनेचा भाऊ आला. आपला ऑटो घेऊनच आला अमरावतीहून, मोठ्या रस्त्यानं, ट्रकायच्या मधातून. अंगावर सारा धुरया. बहिणीकडे पाह्यलं आन् माह्या पोराकडे वळला.

"भाटवे, एक सांगा. हात उचलला का तुमी?"

"तुह्या बहिणीले इचार."

"सासूसमोर सांगन ती?"

मी म्हटलं, "मी बाहेर जाते बाप्पा. आरामात इचार."

आन् मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. तिथी ती बांगडीवाली बसली होती, मांडीवर डबा. कालपासून माह्या पोटात काही नव्हतं, ते तिले दिसलं असन. तिनं अर्धी भाकर आन् अंबाडीची भाजी पुढं केली.

"खाओ बाई. हमारा चलता क्या तुमको?"

"भूक लागली त सारं चालते."

"ये अच्छी बात की," ती म्हणे, आन् पानीबी दिलं.

तिची पोरगी आमच्याच वार्डात, सुनेच्या बाजूच्या खाटेवर होती. बायतपणाले माहेरी आलेली, लेकरू दोन-अडीच महिन्याचं, ते घरी शेजारणीपाशी ठेवलं होतं. झालं काय होतं, त मोहल्ल्यातल्या हापशीवर पानी भराले गेली. ती खाली वाकून पान्याचा गुंड सरकवून राहिली होती, आन् दांडा मारणारीच्या ओल्या हातातून दांडा सुटला. तो उसळून वर आला आन् हिच्या फासळीखाली लागला. "बस इत्ता," बांगडीवाली दोन बोटं दाखवून म्हणे. "गुंड नहीं फूटा, कुछ नहीं फूटा." पोरगी तिथीच बसली, दोनदा उलटी झाली, म्हणून घेऊन आले. तिच्यावर कोणाचा शक नव्हता. दांडा लागतानी अर्धा मोहल्ला तिथी होता.

तेवढ्यात ती पोरगीच बाहेर आली, चालत, पोटावर हात. बारीक अंगाची, मोठ्या डोयाची. मायले म्हणे, "अम्मी, इथीबी दुकान लावलं का तू? ये मावशीले बांगड्या भरून देशीन आता."

"तू खाट पे जा."

"खाट पे मच्छर है. तुम्हारी बातें ही अच्छी." आन् मले म्हणे, "तुमच्या सुनेचे केस गुतले, मावशी. मी इचरून देऊ का?"

तिनं खरंच सुनेचे केस इचरले. खाटेवर बसून, हयूहयू, केसातला कापसाचा एक धागाबी राहू दिला नाही. मी आत गेली तवा ती वेणी घालून राहिली होती आन् सुनेचा भाऊ कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यानं इचारलं होतं. सुनेनं त्याले बैलच सांगतला होता. त्याले तो पटला नव्हता, आन् अविश्वासबी दाखवता येत नव्हता.

मॅडम आल्या. वयानं जास्त नव्हत्या. त्यायनं दोघीचं पोट दाबून पाह्यलं. आधी त्या पोटावर फिरवायच्या मशीननं सोनोग्राफी केली, मंग दोघीले त्या मोठ्या गोल मशीनमधी घातलं, जिथी माणूस पाटीवर निजवून आत सरकवतात. फोटो आले ते काये, मोठे, पाटीएवढे. मॅडमनं ते उजेडावर धरले, आधी त्या पोरीचे, मंग आमच्या सुनेचे.

"लिव्हर चांगलं आहे. प्लीहा चांगली आहे. रक्त सांडलेलं दिसत नाही. दोघींचाही फोटो साफ आहे."

त्या पोरीनं मान लांब करून फोटो पाह्यला. "अम्मी देख, इसमें मैं गोरी आई."

"हड्डी सबकी गोरी रहती," माय म्हणे. आमी साऱ्या हासलो. माही सूनबी, पोट धरून.

मॅडम बांगडीवालीले आन् तिच्या पोरीले म्हणे, "एक दिवस थांबलात तर बरं. बहुतेक काही नाही, पण थांबा."

पोरगी म्हणे, दुखणं कमी हाय. चेहराबी बरा दिसे. तिची छाती दुधानं दाटली होती, झंपर ओला झालेला, आन् लेकरू तिकडे शेजारणीपाशी वाटी-चमच्यावर. तिनं मायकडे पाह्यलं. मायनं फोटोकडे पाह्यलं.

"साफ हाय ना मॅडम?" पोरीनं इचारलं.

"फोटो साफ आहे. पण दुखलं, उलटी झाली, ताप आला, तर तसंच परत यायचं. उशीर करायचा नाही."

"आ जाएंगे," माय म्हणे.

माहा पोरगाबी पुढं झाला. "आमचाबी साफ हाय, त आमीबी जातो."

दारातून पोलिसवाल्यानं आमाले बाहेर बोलावलं, म्हणे, "तुमचा साफ हाय म्हणूनच त बसा लागते. बैलानं मारलं असतं त आत काही दिसलं नसतं का? मंग ती पेलीच हाय. बसा."

तोच साफ फोटो. त्यायले त्यानं मोकळं केलं आन् आमाले बांधून घातलं. मले तवा त्या बांगडीवालीचा हेवा वाटला. तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहत नव्हतं. आमच्याकडे झाडूवालीबी थांबून पाहे.

निंघतानी पोरगी सुनेच्या खाटेजवय आली. "जल्दी या घरी," म्हणे, "आन् त्या बैलाले इका." ती एकटी होती जिनं बैल आयकला आन् खरा मानला. मंग चपला घातल्या आन् चालाले लागली. एक हात ओढणीखाली, फासळीपाशी धरलेला. मले वाटलं दूध दाटलं म्हणून धरला असन. मायच्या काखेत फोटोचा मोठा लिफाफा. जिन्यावर वळतानी तिनं मागं पाह्यलं आन् हात हलवला.

तो जिना मले अजूनबी दिसते. मोठ्या दवाखान्यातले जिने सारे सारखेच. आता कोणाले भेटाले गेली का मी जिन्याकडे पाठ करून बसते.

दुसऱ्या दिवशी सकाऊन आमच्या सुनेले बरं वाटे. तिनं चहा मागतला. भाऊ म्हणे, संध्याकाळी सोडतीन. दुपारी तिले थंडी वाजली, मंग ताप भरला. नाडी फडफडाले लागली, ती मी हात धरला तवा मलेबी समजली. मॅडम आल्या. पोटावर हात ठेवून हयूच दाबला, सून गप्प. हात एकदम उचलला त ती कळवळली. पुन्हा तसंच केलं. मंग मॅडमनं सोनोग्राफी पुन्हा केली आन् म्हणे, थोडं पानी दिसते, काल नव्हतं.

बाहेर येऊन त्यायनं आमा तिघाले उभं केलं. "मला दुर्बीण टाकून पाहायचं आहे."

सुनेचा भाऊ म्हणे, "काल त तुमीच म्हटलं फोटो साफ हाय. मंग पोट काहून फोडता?"

"फोडत नाही. बेंबीजवळ बारीक छिद्र करते, पोटात हवा भरते, आणि दुर्बिणीनं आत पाहते."

"फोटो खोटा होता का?"

"खोटा नव्हता. फोटोत लिव्हर फाटलं, प्लीहा फाटली, रक्त सांडलं, तर लगेच दिसतं. त्याच्यासाठी फोटोच चांगला, शिवाय अंगाला टाका लागत नाही. पण आतड्याला बारीक भोक असेल, तर पहिल्या दिवशी ते फोटोत कधीकधी येत नाही. दुर्बिणीनं डोळ्यांनी पाहता येतं."

"मंग आधीच काहून नाही टाकली दुर्बीण?"

मॅडम चिडल्या नाहीत. "भूल द्यावी लागते. भूल म्हणजे खेळ नाही. आणि आत काही निघालंच नाही, तर तेवढी छिद्रं फुकट. फोटो साफ आला ते बहुतेक खरंच साफ असतात. सगळ्यांच्या पोटात कशी घालू?"

मले ते समजलं, माह्या परीनं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून वावर पाह्यलं त सारं पांढरं दिसते, पीक उत्तम. बोंडात अळी हाय का नाही, हे तासात जाऊन बोंड फोडल्याबिगर समजत नाही. पण हरेक बोंड फोडत गेलं त कापूस राहीन का.

मी इचारलं, "दुर्बिणीले सारंच दिसते का मॅडम?"

"नाही आजी. आतडं इतकं लांब असतं, सगळं हातानं सरकवत पाहावं लागतं. मागच्या बाजूचं तिलाही सुटतं. पण आत्ता माझ्याकडे याच्यापेक्षा बरं काही नाही."

भाऊ माह्या पोराकडे पाहे, पोरगा जमिनीकडे. सहीले कोणाचाच हात उठत नव्हता. पोराले भेव, का भुलीतून उठलीच नाही त तिचा भाऊ म्हणन का मारून टाकली. भावाले भेव, का आपण हो म्हटलं आन् गेली त मायले काय सांगू. मॅडम म्हणे, थांबायला वेळ नाही.

खाटेवरून सून बोलली. दार उघडंच होतं, तिनं सारं आयकलं होतं.

"टाका मॅडम. मी काही पेली नाही, एवढं तरी दिसन त्यायले."

ती जगन का मरन याचा विचार मी करून राहिली होती. तिच्या जिवाले ते दुसरंच लागलं होतं. घरी तिचा चार वर्षाचा पोरगा होता. माय औषध पेलेली, असं त्याले जलमभर आयकावं लागू नये, हे तिचं चाललं होतं. माह्या पोरानं सही केली. सही कराले त्याले लय टाईम लागला.

आमी बाहेर बसलो. पोलिसवालाबी बसला. त्यानं दोनदा माह्याकडे पाह्यलं आन् दोनदा टोपी मांडीवर फिरवली.

मॅडम बाहेर आल्या तवा आधी त्याच्याकडे गेल्या. "विषबाधा नाही. आतड्याला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. बोथट मार आहे. बैलाचाच म्हणा. लिहून देते." मंग आमच्याकडे वळल्या. दुर्बिणीत भोक दिसलं, मंग थोडं मोठं कापून ते शिवलं, पोट धुतलं. "वेळेवर झालं," म्हणे. "घरी असती, तर उद्यापर्यंत अवघड होतं."

पोरगा भिंतीले टेकून खाली बसला. सुनेच्या भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोलिसवाला उठून म्हणे, "चहा घेता का आजी?"

माह्या तोंडून निंघालं, "मॅडम, ती दुसरी?"

मॅडम उभ्याच राहिल्या. त्यायच्या हातातलं कापड तसंच हातात. मले वाटते त्यायच्याबी मनात तेच आलं होतं, माह्या आधी आलं होतं.

"गाव कोणतं त्यांचं?"

मी सांगतलं. तवा आजच्यासारखे घरोघरी फोन नव्हते. तो पोलिसवालाच म्हणे, "मी ठाण्यातून निरोप देतो." आन् गेला, चहा न घेता. ज्याच्या जिभेचा मले इतका राग होता, तोच माणूस जिना उतरतानी धावत उतरला.

निरोप पोचला का नाही, हे आमाले कोणी सांगतलं नाही. बाजूची खाट दुसऱ्याले भेटली. सून बरी होत गेली, नळ्या निंघाल्या, पेज खाऊ लागली. मी रोज दाराकडे पाहे. वाटे, आता येतीन, शिव्या देत येतीन का फोटोनं फसवलं, पण येतीन.

बांगडीवालीनं व्हरांड्यात मले सांगतलं होतं का ती कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत दुकान लावते. सून घरी आली, चालू-फिरू लागली, तवा मी जत्रेले गेली. देवाले गेली असं घरी सांगतलं. देवालेबी गेली. मंग वर्धा नदीच्या काठाकाठानं बांगड्याच्या दुकानाची सारी पालं पाहत गेली. गर्दी लय. मनात म्हणे, नाही दिसली त बरं, घरी नातवात रमली असन.

ती होती. पालाच्या मागं काठीले झोळी बांधली होती, झोळीत लेकरू निजलं होतं. तिनं मले वळखलं. माहा हात ओढून मांडीवर घेतला आन् बांगड्या भराले लागली. हिरव्या. एक एक चढवत गेली, बोटं दाबत. एकबी फुटली नाही.

हात भरून झाला तवा म्हणे, "बहू?"

"हाय."

तिनं मान हलवली. "अच्छा है."

मी इचारलं नाही. झोळीकडे पाह्यलं.

तिनंच सांगतलं. घरी गेल्यावर पोरीनं लेकराले पाजलं. संध्याकाळपर्यंत हासत-बोलत होती. मंग दुखाले लागलं. गावातला डॉक्टर आला, त्यायनं त्याले लिफाफा दाखवला. त्यानं कागद वाचला, म्हणे अकोल्याच्या मोठ्या मशीनचा फोटो साफ हाय, गॅस झाला असन, आन् गोया दिल्या. त्याचंबी काय चुकलं. पहाटे पोट लाकडावानी झालं. जीप पाहता पाहता दुपार झाली. जीप भेटली, आन् अर्ध्या रस्त्यात तिनं मायच्या मांडीवर मान टाकली.

"पुलिसवाला आया था," ती म्हणे. "बोला वापस ले के चलो. जनाज़ा उठ रहा था तब."

बाजूनं बाया येऊन उभ्या राहत, भाव इचारत. ती त्यायले भाव सांगे आन् पुन्हा माह्याकडे वळे. मंग तिनं पेटी उघडली, बांगड्याच्या डब्याखालून तो फोटो काढला आन् उन्हात धरला. दोन हातानं, डोक्याच्या वर. ऊन फोटोतून तिच्या तोंडावर पडलं, निळं-कायं.

"तुम्हारी नज़र अच्छी है क्या, बाई? देखो इसमें कहाँ है. मैं रोज देखती. मुझे मिलता नहीं."

मी पाह्यलं. बरगड्या होत्या, पांढऱ्या. मधी करडं करडं काही तरी. मी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाह्यलं. मलेबी भेटलं नाही.

तिनं फोटो खाली घेतला. "एक बात बताओ. दोनों का साफ था. तुम्हारी को क्यों रखा?"

मले वाटलं खोटं सांगावं. सांगता आलं नाही. "आमच्यावर शक होता. औषध पेली म्हणून. पोलिसानं जाऊ दिलं नाही."

ती लय येळ फोटोवरची धूळ पदरानं पुसत राहिली.

"हमारे पे भी ले लेते शक," ती म्हणे. "हमको तो इज्जत से भेज दिया."

मी बांगड्याचे पैसे काढले. तिनं घेतले नाहीत. मी तिथीच बसून राहिली, लेकरू जागं होईपर्यंत. त्याचे डोये मायवानी मोठे. मी त्याले घेतलं नाही.

त्याले आता लय वर्षं झाली. सून हाय, तिच्या पोटावर बेंबीपासून खाली टाक्याचा वण हाय, ती अजून वेचाले जाते. आमच्या गावात काही लोकं अजूनबी म्हणतात का ती औषध पेलेली, दवाखान्यानं वाचवली. मॅडमचा कागद घरी हाय, पण कागद घेऊन कोणाकोणाच्या दारी जावं. तिचा पोरगा मोठा झाला, त्यानं एकदा मायले इचारलं. तिनं पदर बाजूले करून वण दाखवला आन् म्हणे, "इथी बैल हाय."

मले मात्र ती दुसरी सोडत नाही. सून केस इचरत बसली का मले वाटते मागं कोणी तरी बसून वेणी घालून राहिलं. गावातल्या हापशीचा दांडा खाली-वर होते, त्याचा आवाज आला का मी घरात असली तरी पोट आत ओढून घेते. सून म्हणते, "मामी, काय झालं?" मी म्हणते काही नाही. तिले मी जत्रेतलं सारं सांगतलं नाही. ती गेली एवढंच सांगतलं. शक नसता त तूबी त्याच जिन्यानं उतरली असती, हे तिले कशाले सांगू. तिले ते माहीत हाय असं मले कधी कधी वाटते.

हे मी बोलली आन् दुसऱ्याकडून लिहून घेतलं. जो कोणी वाचन त्याले माहं एक मागणं हाय. तुमच्या घरी कोणाच्या पोटाले मार लागला, बैलाचा, दांड्याचा, गाडीच्या हँडलचा, कशाचाबी, आन् फोटो साफ आला, त बरं झालं म्हणा, पण एक-दोन दिवस दवाखान्यातच, नाही त दवाखान्याच्या जवयच राहा. घरी लेकरू असन त लेकराले तिथी आणा. वरून काही दिसत नाही म्हणून लागलं नाही असं धरू नका. दुखणं वाढलं, ताप आला, पोट कडक झालं, त गावातल्या डॉक्टरले जुना फोटो दाखवत बसू नका. पेशंटले घेऊन सरळ परत जा आन् इचारा, मॅडम, दुर्बीण टाकून पाहता का. एवढं करा.